अडीच मीटर

डॉक्टर सोहोनींकडे वायर फरशीला टेकत नाही.
तिला शिसवी ठोकळे आहेत, हातभर अंतरावर एकेक,
बाळंतिणीला उशा लावाव्यात तसे.
करंगळीएवढी जाड, वरून जांभळी रेशमी वीण,
अडीच मीटरला एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार.
चहा ठेवताना उल्काताई म्हणाल्या,
"एवढ्यात पैठण्या आल्या असत्या चार. निदान दिसल्या तरी असत्या."

मी तपकीर गल्लीतला. सदतीस वर्षं
तीन बाय सहाच्या गाळ्यात कथलाचा धूर खातोय.
तांब्याला गाणं कळत नाही, मी म्हणालो,
त्याला फक्त आत कोण आलं, बाहेर कोण गेलं,
सोसायटीच्या वॉचमनसारखं.
बोललो आणि अडकलो.
"मग रविवारी या, घोणे. दाखवाच."

रविवारी सहकारनगरात
कॅम्पातले सोराबजी, स्वतःची उशी घेऊन.
डॉक्टरांचे मेहुणे, बँकेतून निवृत्त, अजून शाईचं पेन.
बाणेरचा एक मुलगा, मांडीवर वही, गुण द्यायला.
मधली खुर्ची डॉक्टरांची. ती हलवायची नाही,
पायांभोवती खडूच्या खुणा आहेत.
पंखा बंद. फ्रिज बंद.
कुकर एक वाजेपर्यंत पुढे ढकललेला.

माझ्या पिशवीत पिवळी वायर, बेचाळीस रुपये मीटर,
गणपतीच्या मांडवात माळांना लावतात ती.
कपाटामागे मी, पडद्याआड, धुळीत,
बोलायचं नाही, फक्त आकडा सांगायचा.

फीत कुठल्याशा घरगुती बैठकीची. तोडी.
बाई कोण, कुणालाच ठाऊक नाही.
मध्ये कुणी खोकतं, खालून भंगारवाला जातो.

"पहिली," मी म्हणालो.
मग थोड्या वेळानं, "दुसरी."

"पडदा उघडला रे, डिकरा," सोराबजी पुटपुटले.
मेहुण्यांच्या मते तानपुरा आता खोलीत येऊन बसला.
मुलानं सहाचे नऊ केले.
डॉक्टर, डोळे मिटलेले: "हीच. हीच माझी."

खरं सांगू?
मध्ये मी काहीच बदललं नव्हतं.
स्क्रू घसरून कपाटाखाली गेला, गुडघ्यात कळ आली,
दोन्ही वेळा तीच, मांडवातली.

हसायला तोंड तयार होतं माझं.
पण त्या दुसऱ्या खेपेला, भिंतीशी कान असताना,
मलाही ऐकू आला होता बाईंचा श्वास,
कोमल गंधाराला हात लावण्याआधीचा.
पहिल्यांदा नव्हता. शपथ घेतो.
घरी जाऊन मी मीटर लावला वायरला.
मीटरनं खांदे उडवले.

माझा साडू मिरजेत तानपुरे जुळवतो.
तारेखाली सुताचा दोरा, नखाएवढा,
केसभर सरकवतो
आणि लाकडात मधमाश्या शिरतात.
तिथं कुणी डोळ्यांवर पट्टी बांधत नाही,
शेजारच्या घरातलं पोरसुद्धा म्हणतं, "लागला."
म्हणजे दोऱ्यानं होतं. दोऱ्याचे पैसेही कुणी घेत नाही.

डॉक्टर कानाचेच.
आख्खी हयात लोकांना सांगितलं, बीप आली की बोट वर करा.
गेल्या पावसाळ्यात स्वतःचा आलेख काढला,
सहा हजारांच्या पुढे रेघ
पर्वती उतरावी तशी, पायरी पायरीनं.
तो कागद विजेच्या बिलांच्या फायलीत आहे.
पुढच्या महिन्यात ठोकळे आले.
हे उल्काताईंनी सांगितलं मला, जिन्यात, पण ते नंतर.

पडद्याबाहेर आलो तर चौघं माझ्याकडे बघत.
मी हात पुसले. पॅन्टला. पुन्हा पुसले.
"बरोबर ओळखलंत, डॉक्टर," म्हणालो,
"आपण हरलो."
सोराबजींनी उशीवर थाप मारली.

मंडळी पानं मांडायला उठली तेव्हा
उल्काताई माझ्या कपबशीसाठी वाकल्या
आणि कपाटाखाली बघत, अगदी हळू:
"जांभळी खालीच आहे की हो.
जेवायच्या आधी लावून टाका."

लावली. ठोकळ्यांवर, एकेक करून.
स्वयंपाकघरात फ्रिज सुरू झाला,
खर्जात.