एकतीस रियालची पट्टी

सूरच्या किनाऱ्यावर गलबतं बांधणारा
कमरुद्दीन पांगारकर
गोळीही सागवानासारखीच कापतो:
आधी नखाने रेघ,
मग पातं.
अर्धी आज. अर्धी उद्या.
मी काउंटरमागून म्हणते, चाचा, असं नका करू,
रक्त पातळ ठेवणारी आहे ही, हिच्यात उधारी चालत नाही.
तो म्हणतो, बाय, मग किंमत पातळ कर.

तारीख मीच सांगितली होती त्याला.
अकरा नोव्हेंबरला पेटंट संपतं.
बर्फ कंपनीच्या कॅलेंडरवर त्याने
सुतारी पेन्सिलीने ती गोल केली,
घरात निकाह असल्यासारखी.
आणि बाराच्या सकाळी शटर वर जायच्या आधी हजर,
केसांना तेल, अंगात इस्त्रीचा सदरा.

काय सांगू?
की या दाराला दोन कड्या आहेत.
शोधाची काल निघाली.
दुसरी कागदांची:
कंपनीने माणसांवर ज्या चाचण्या केल्या
त्यांच्या आकड्यांना टेकून
इतक्यात दुसऱ्या कुणी उभं राहायचं नाही.
"आकड्यांना पण कुलूप?"
हो चाचा. अजून सतरा महिने.
"सतरा पट्ट्या," तो म्हणाला,
आणि जरा थांबून, "म्हणजे साडेआठ."

तेवढ्यात एका गलबताचा कणा बसला, बरगड्या चढल्या.
एकदा त्याचा डावा हात
दोन दिवस हातोडी विसरला.
हे त्याने नाही, मुकादमाने सांगितलं,
खोकल्याचं औषध घेता घेता.

मग पहिली आली. पांढरी,
नाव असं की जीभ ठेचकाळावी.
सव्वीस रियाल.
एकटी होती, एकटीला स्वस्त व्हायची घाई नसते.
मग जॉर्डनची आली, मग सौदीची,
मग आपल्याकडच्या दोन, एकाच आठवड्यात,
आणि भाव जिन्यावरून पडल्यासारखा:
अठरा. अकरा.
रमजानच्या तोंडावर चार रियाल दोनशे बैसा.
मूळ कंपनीचा टायवाला येऊन गेला,
खजूर ठेवून गेला.
त्याची पट्टी आजही एकतीसलाच आहे,
वरच्या फळीवर, धुळीत.

चाचाने खोकं उलटंपालटं केलं.
"इतकी उतरली, म्हणजे आतलं काही काढलं काय?"
काढलं ना. नाव.
तो हसला नाही. चष्मा चढवून
बारीक अक्षरं वाचत राहिला
आणि एका ओळीवर बोट थांबलं:
महाड, जिल्हा रायगड.

"हे आमच्या बिरवाडीला लागून.
भाचा बॉयलरवर आहे तिथे.
चार वर्षं सांगतोय, मामू,
एक पांढरी पावडर बनते आमच्याकडे,
कुठल्या कुठल्या मुलखात जाते,
आंघोळ केली तरी वास जात नाही."

त्याने गोळी नाकाशी नेली.
वास नव्हता.
मग तळहातावर ठेवली,
अंगठ्याचं नख आपोआप मध्यावर गेलं.

मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.