पहिला घाणा

साठ रुपयांच्या त्या चकचकीत कागदात
काय काय असतं, ते भिंग लावून वाचलं.
निम्मी नावं उच्चारता येईनात,
तेव्हा शनिवारी उन्हाआधी इतवारी गाठली.

शेंगदाणे, जवस, भोपळ्याच्या बिया.
बदाम थोडेच; भाव ऐकून
हात आपोआप आखडला.
खजूर चाखायला दिला दुकानदारानं,
त्याची बी तोंडात घोळवत घरी आले.

जवस भाजताना झाकण ठेवायचं असतं.
आता ठाऊक आहे.
ओट्यावर, चष्म्यावर, गाउनच्या खिशात जवस.

दाणे भरडले, खजूर मळला,
चमचाभर गूळ, चिमूटभर मीठ,
तुपाच्या ताटात वाटीच्या बुडानं थापलं
आणि सुरीनं बारा वड्या आखल्या,
शाळेतल्या माझ्या भूमितीसारख्या
तिरप्या.

पण मे महिना. पंचेचाळीसच्या वर पारा.
ताट कूलरपुढं ठेवलं, तर
खसच्या ओल्या वाऱ्यानं
होत्या त्या रेघाही मिटल्या.

शर्वाणी पोहून आली,
केसांचं पाणी फरशीवर गाळत
उभ्यानंच चमचा घातला ताटात.
"आई, हा बार नाही नं, हलवा झाला."
आणि दुसरा चमचा.

उरलेलं पुन्हा थापलं, पुन्हा आखलं,
बर्फाच्या कप्प्याखाली सरकवलं.

रात्री दीडला फ्रिजचं दार वाजलं.
मी कूस बदलली.

सकाळी ताटात सात,
कडक, नीट सुटणाऱ्या.
आणि ह्यांच्या शुगरच्या गोळ्यांशेजारी
एक अर्धी,
दाताच्या खुणेसकट.