योग्य ती समज

कोर्टाच्या कुंपणाला टेकून माझं टेबल,
वर निळी ताडपत्री, खाली खोकणारा प्रिंटर,
एका पानाचे तीस रुपये.
शालन लोंढे आल्या तेव्हा शिवाजीनगर जेवून परतत होतं.
म्हणाल्या, लिहा,
पोराचं अर्धं डोकं कापायचं राहिलं होतं.

असं नाही ताई, सुरुवातीपासून सांगा.
तीच सुरुवात आहे, म्हणाल्या.

दांडेकर पुलाजवळचं सलून, रविवार सकाळ,
गळ्याभोवती कापड, कापडावर केस.
साध्या कपड्यातले दोघं आत आले
आणि विचारलं, सोन्या कोण?
हा म्हणाला, मी.
आमच्या वस्तीत सोन्या म्हणून हाक मारा,
सात जण ओ देतील.
एक त्यातला कुत्रा आहे.

त्यांना हवा होता मार्केट यार्डातला, मोबाइलवाला,
वय एकोणीस, डाव्या मनगटावर गोंदण.
ह्याच्या डाव्या मनगटावर
पेननं काढलेलं घड्याळ होतं.
सातवी ब.

मी टाइप करत होतो :
'अर्जदार यांचा अल्पवयीन मुलगा नामे निशांत यास
कोणतीही शहानिशा न करता'
त्या सांगत होत्या : कापडासकट नेला हो.
'सुमारे अकरा तास'
त्या : त्यानं तिथं चड्डीत… ते नका लिहू.
मी बोटं उचलली.
पंखा फिरला, कागद फडफडले, मग म्हणाल्या,
लिहा. लाज त्यांची आहे, त्याची नाही.

चौकीच्या नोंदीत होतं, वय अंदाजे एकोणीस.
तेवीस वर्षं हा शब्द मी बडवत आलोय,
अंदाजे क्षेत्रफळ, अंदाजे किंमत,
अंदाजे दोनशेचा जमाव.
त्या दुपारी पहिल्यांदा बोटाला टोचला,
कारण एकोणीस वर्षांचा तो इसम
समोरच्या बाकड्यावर पाय हलवत बसला होता,
जमिनीला न टेकणारे पाय,
एका कानावर बारीक केस, दुसऱ्यावर झुलपं,
माझ्या स्टेपलरच्या पिना मोजत.

रात्री साहेब म्हणाले, गैरसमज झाला, न्या त्याला.
आणि एक रजिस्टर पुढे सरकवलं,
'मुलगा सुखरूप मिळाला, तक्रार नाही.'
सही केलीत?
केली. त्याशिवाय सोडत नव्हते.
हेही लिहा.

तीन लिफाफे गेले, तीन कचेऱ्यांना.
कॅमेरा त्या दिवशी बंद होता, असं एकानं कळवलं.
दुसऱ्यानं काहीच नाही.
आठ महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, चौघडी कागद घेऊन :
'सदर प्रकार गैरसमजातून घडला असून
संबंधितांस योग्य ती समज देण्यात आली आहे.
प्रकरण दप्तरी दाखल.'

समज दिली म्हणजे काय दिलं?

मी म्हटलं, बोलावलं असेल केबिनमध्ये, रागावले असतील.
किती वेळ?
ते कसं कळणार.
माझ्या पोराला अकरा तास देत होते.

निशांत टेबलाच्या पलीकडे उभा होता.
केस मानेखाली आलेले.
गळ्याभोवती कापड बांधू देत नाही कुणाला,
शाळेतून दोनदा चिठ्ठी आली.
आईनं हाक मारली, सो…
आणि मध्येच गिळून म्हणाली,
निशांत, उन्हात नको, इकडे ये.

विचारता येतं का त्यांना?
येतं. दहा रुपयांचं तिकीट लावून येतं.

'१. सदर समज कोणत्या दिनांकास व किती वाजता देण्यात आली.
२. ती कोणी दिली, तिची साक्षांकित प्रत.
३. समज घेताना संबंधित उभे होते की बसलेले.'

तिसऱ्याचं उत्तर देणार नाहीत, मी म्हटलं.
राहू दे, म्हणाल्या,
वाचावं तर लागेल.

तीस रुपये मी नको म्हणत होतो.
त्यांनी मोजून ठेवले टेबलावर
आणि हात पुढे केला :
पावती.

तेवीस वर्षांत कुणी मागितली नव्हती.
खण उपसून मी पावतीपुस्तक शोधत राहिलो.