सशाचा कान

पुंता अरेनासमध्ये वारा दारं स्वतःच उघडतो.
एर्सिलियानं आतून कडी घातली, म्हणाली,
आश्रयघराचा पत्ता नंतर. आधी सगळं टेबलावर ओता.

पर्स. बुटांचे तळ. कोटाचं अस्तर तिनं
तांदूळ निवडावेत तसं चाचपलं.
तीन घरं बदलली होती मी,
तिन्ही वेळा समोर त्याची पांढरी गाडी.

मग बास्तियानचा ससा.
डावा कान जरा जड. शिवणीला निळा धागा,
माझ्या डब्यात निळा कधीच नव्हता.

आत नाणं. नाणं नव्हे.

शर्टाचं बटण तुटलं
तर अंघोळीतून मला हाक मारणारा माणूस,
आणि हे टाके! बारीक, एकसारखे,
गाठ आतल्या बाजूला.
खोटं कशाला बोलू,
क्षणभर मी ते काम बघतच राहिले.

मग हातोडी मागितली.
फोडायचं नाही, एर्सिलिया म्हणाली.
फोटो, तारीख, वेळ.
पोलिसांसमोर हेच बोलेल.

बास्तियाननं सशाचा रिकामा कान उचलून विचारलं,
याला आता ऐकू येईल?

मी सुई मागितली.
धागा लाल दे, म्हटलं,
लांबूनही दिसेल असा.