चिमूट

दर तासाला मी तिला सांगते, काहीतरी बोला.
आवाज बसलाय का, एवढंच ऐकायचं असतं मला,
ती काय बोलते ते नव्हे.
पण ऐकलं जातंच.

नऊ वाजता: पाणी.
दहा वाजता: एतेरी, तुझ्या हातांना लसणाचा वास येतो.
अकराला गाईंची नावं घेतली, पाचही,
आणि पाचवीपाशी थांबून म्हणाली, ही यंदा भाकड.

म्झेविनार. वय एकसष्ट. उशगुलीहून
बर्फातून नऊ तास, झुगदिदीच्या या वॉर्डापर्यंत.
चाळीस वर्षं वाढलेला गलगंड
सर्जननं सकाळी ट्रेमध्ये ठेवला.
वरच्या गावांत त्याला कुणी आजार म्हणत नसे,
बायका नुसता रुमाल मोठा घेत.

पाठ तिरक्या उशीवर. मान वाकू द्यायची नाही.
उठवताना डोकं दोन्ही तळव्यांत धरायचं,
काठोकाठ भरलेल्या वाडग्यासारखं.
ड्रेसिंग पुढून कोरडं दिसतं, त्यावर विसंबायचं नाही;
रक्तही इंगुरीसारखंच, उताराकडे जातं,
म्हणून मानेखाली हात घालून बघायचं.
कोरडा आला.

खाटेशेजारी सीलबंद डबा असतो,
वेळ आली तर श्वासनलिका उघडायचा.
तिला दिसू नये म्हणून मी त्यावर तिचीच शाल टाकली.
बाराला ती म्हणाली, शाल दे इकडे,
डब्याला थंडी वाजत नाही.

तीनला बोलली नाही.
ओठांभोवती बोट फिरवून दाखवलं: मुंग्या.
मी कानापुढे गालावर टिचकी मारली
आणि तिचा ओठ उडाला,
माशी बसल्यावर गाईची कातडी थरथरते तसा.
दंडाला पट्टा बांधला, फुगवला,
घड्याळाकडे बघत उभी राहिले.
दुसऱ्या मिनिटाला मनगट वाकलं,
बोटं ताठ होऊन जवळ आली, अंगठा आत.
चिमूट.
पातेल्यावर धरलेली, मीठ टाकायला.

ते मीठ मला ठाऊक आहे.
लसूण, निळी मेथी, झेंडूच्या पाकळ्यांची पूड,
आई उखळात कुटायची, आम्ही शिंकत पळायचो.
सगळं होतं त्यात.
आयोडीन तेवढं नव्हतं.
आईचा रुमालही मोठाच होता.

वख्तांगला हलवून उठवलं.
कॅल्शियम शिरेतून, दहा मिनिटं घेऊन,
घाई केली तर हृदयच बिथरतं.
त्याचा अंगठा दट्ट्यावर, माझे डोळे मॉनिटरवर,
बाहेर छपरावरून बर्फाचा एक थर घसरला
आणि आम्ही दोघंही दचकलो.
ती नाही.

मग चिमूट सुटली. एकेक बोट.
चादरीवर काही सांडलं नव्हतं.
मी तरी बघितलं.

चारला म्हटलं, बोला काहीतरी.
घसा खरवडत म्हणाली,
सहावी पण आहे. मघाशी राहिली.

नोंदीत लिहिलं: आवाज घोगरा, शब्द स्पष्ट.
गाईचं नाव लिहायला रकाना नव्हता.