चार दिवसांआडचं पाणी

नळ आज येणार नाही.
बॅरलच्या तळाचं पाणी काचेच्या वाटीत घेते,
त्यात ब्रश भिजत घालते.
तो तिरपा, कट्यारीच्या पात्यासारखा,
एका अंगाला लांब, दुसऱ्या अंगाला आखूड,
जो पुण्याहून कुरिअरनं मागवला
आणि किंमत घरात अर्धीच सांगितली.

तरन्नुमनं नावं लिहून पाठवलीत
बेगम पेठेतून, पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून:
प्रणिता. श्रीशैल.
बोरूची काळी शाई इतकी दाट
की बोट फिरवलं तर कड लागते.
‘शै’च्या दोन मात्रा
उडायच्या बेतात वाकलेल्या,
आणि ‘ल’च्या पायाशी जागा सोडून
तिनं पेन्सिलीनं बारीक लिहिलंय:
इथे तू.

इथे मी.
टोक टेकवायचं, पोट दाबायचं,
मनगट किंचित वळवून उचलायचं.
पाकळी होते ती उचलताना.
एवढं कळायला
माझ्या तीन वह्या संपल्या.
आणि शिरोरेघेला शिवायचं नाही.
ती तरन्नुमची हद्द.

नाना दारात येऊन थांबतात.
चाळीस वर्षं त्यांनी चादरींची फुलं केली
कार्डांना भोकं पाडून:
इतके धागे वर, इतके खाली.
त्यांच्या गुलाबाला पायऱ्या असायच्या,
प्रत्येक पाकळी जिन्यानं चढायची.
अजूनही समोरच्या गच्चीत चादर वाळताना दिसली
की ओठ हलतात त्यांचे.

“एन्नि?” ते विचारतात.
किती पाकळ्या, असं.
मी म्हणते, मोजल्या नाहीत.

“मग दुसऱ्या पत्रिकेवर हेच फूल कसं येणार?”

नाही येणार, नाना.

बराच वेळ पंख्याचाच आवाज.
मग हात पुढे करतात.
ब्रश धरतात तो पंच धरल्यासारखा, ताठ,
आणि मी ‘अहो’ म्हणेपर्यंत
‘ल’खाली
टक, टक, टक, टक.
चार जांभळे चौकोन, एकावर एक सरकून,
एकमेकांत पाझरायच्या आत
एप्रिलच्या हवेनं वाळून कडक.

मी टिपकागद शोधते.
मग शोधायचं सोडते.

तरन्नुमला फोन केला.
लिहिते गं परत, म्हणाली, दौत उघडीच आहे,
पण तो कागद फाडू नकोस,
मला बघायचाय.

खिडकीला टेकवून ठेवलाय तो.
श्रीशैल, आणि त्याच्या पायाशी
कुठेच न जाणारा जिना,
कडेला बॅरलच्या पाण्याचा पांढरट खार.
नाना जाता-येता थबकतात,
चष्मा कपाळावर घेतात.
पाचवी राहिली, म्हणतात.
पाणी येऊ दे.