कडू लेप

एमआयडीसीत, तिसऱ्या शेडला माझी चाळणी.
वरून तूर पडते,
खालून माती, काडी, फुटकी डाळ.
आठ तास थरथर.
घरी गेल्यावर चहाचा कपसुद्धा
बशीत वाजत राहतो.

हजेरीबुकात नाव, नकुसा अब्राम गायसमुद्रे.
चौथी पोरगी. बाप चर्चची घंटा ओढायचा,
बारशाला मात्र गावातलंच जुनं नाव काढलं त्यानं.
पुढं पाळकसाहेब म्हणाले, बदलून घे की.
आधारकार्ड आहे, पीएफ आहे,
कुठं कुठं बदलू?

परवा आयतवारी वचन निघालं ते पांगापांगीचं.
शोमरोन पडलं. अश्शूरचे घोडे वेशीत.
दावणीची जनावरं न्यावीत तशी माणसं नेली
नद्यांपलीकडं, जिथं त्यांच्या भाषेत
कुणी पाणी घेता का एवढंही विचारलं नाही.
आणि देव म्हणत होता, हे मीच केलं.
अश्शूरला उगं मोठेपणा देऊ नका.

मागच्या बाकावर सुवार्ताच्या पोरानं जांभई दिली.
मी तिथंच अडकले.
पांगवायचा हात आणि पेरायचा हात,
झटका तोच की दोन्हीचा.
बांधावरून बघणाऱ्याला कसं कळावं
मूठ कशानं उघडली?

आमच्याकडं बी पिशवीत भरण्याआधी
त्याला लाल औषध चोळतात.
नव्या पोरी विचारतात, मावशी, हे कशाला?
मी म्हणते, जिभेला लावू नको म्हणजे झालं.
मुंगी सोडून देते. बुरशी धरत नाही.
पाखरू टोच मारतं आणि थुंकतं.
मातीत एकट्यानं पडायचं असेल
तर अंगावर काहीतरी कडू लागतं.

त्या लोकांनाही असंच काही चोळलं असेल.
मार होता, खोटं कशाला बोलू.
मापात पाप होतं त्यांच्या, गरिबाला चपलेच्या भावात विकलं होतं,
आणि वर सणाला गाणी.
मार मिळायचाच होता.
पण अश्शूरनं तोंडात धरलं, मग बाबेलनं धरलं,
चावून बघितलं,
गिळता आलं नाही कुणालाच.

एक पटलं नाही ते सांगते.
म्हणे, चाळीन, पण एक दाणा भुईवर पडू देणार नाही.
माझ्या शेडला असं एकदाही झालेलं नाही.
सुट्टी व्हायच्या वेळी झाडू मारला
की दीड किलो निघतं, यंत्राखाली, भिंतीकडं,
पायात चिरडलेलं.
म्हणजे एक तर त्याची चाळणी निराळी,
नाहीतर मागं झाडू मारायलाही तोच येतो.

उपासना संपल्यावर मी पाळकसाहेबांना गाठलं.
त्या संदेष्ट्यानं लेकीचं नाव ठेवलं होतं ना,
जिच्यावर दया होणार नाही, असं.
साऱ्या देशाला कळावं म्हणून
एका तान्ह्या पोरीच्या गळ्यात पाटी.
हो, म्हणाले, पण पुढं देवानंच ते नाव फिरवलं,
दया झालेली, असं केलं.
ते माहीत आहे मला.
फिरवलं त्या दिवशी तिचं वय किती होतं?

त्यांनी पानं चाळली. पुढची, मागची.
दारात सुवार्ता पोराची चप्पल शोधत होती.
लिहिलेलं नाही, म्हणाले.

बाप आता माझ्याकडं असतो.
तीन बहिणी तीन दिशांना, सुरत, चाकण,
एक कुठं ते आम्ही बोलत नाही.
त्याचा उजवा हात गेलाय, घंटा ओढायचा तो.
मी कुलूप काढते, आत खाट करकरते.
अगं, आलीस का? म्हणतो.
नुसतं अगं.
वर्ष झालं असेल, नाव घेतलेलं नाही.
विसरला की सोडलं,
मी विचारत नाही.
त्याचा चहा बशीत ओतते, फुंकर घालते.
हात थरथरतोच.